बंद संगणकातील चालू हिशेब

छत्तीसगडची राजधानी रायपूर. या जुन्या शहराच्या आग्नेयेस सुमारे वीस किलोमीटरवर नवा रायपूर हे आराखडा आखून वसविलेले शहर आहे. ‘नवा’ हा शब्द छत्तीसगढीतही आहे आणि मराठीतही, त्यामुळे रायपुरात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हे नाव परके वाटत नसावे. २०१२ च्या अखेरीस राज्याचे मंत्रालय येथील महानदी भवनात आले. रस्ते रुंद झाले, इमारती उंच झाल्या. पण शहराची वस्ती संपते तेथे धानाची शेते सुरू होतात. हिवाळ्यात खळ्यावरचे धान कट्ट्यांत भरून गावोगावच्या खरेदी केंद्रांवर येते. आपल्या गोंदिया-भंडाऱ्याकडे जे दृश्य दिसते, तेच येथेही दिसते: बैलगाड्या, ट्रॅक्टर, वजनकाटा, बारदानाचे गठ्ठे आणि हातात पावती घेऊन उभे असलेले शेतकरी.

छत्तीसगडमध्ये या खरेदीची नोंद २००७-०८ च्या हंगामापासून संगणकावर होऊ लागली. देशात ज्या कामाचे कौतुक झाले, त्यांपैकी हे एक होते. सुरुवातीच्या काळात अनेक केंद्रांवर इंटरनेट पोचलेले नव्हते. तेथे दिवसभराच्या नोंदी केंद्रातल्याच संगणकात साठविल्या जात आणि मोटारसायकलवरून फिरणारा दूत त्या नोंदी घेऊन विकासखंडाच्या ठिकाणी पोचवीत असे. तेथून पुढे त्या राजधानीकडे जात. म्हणजे शेतकऱ्याचे धान ट्रकमधून एका वाटेने जाई आणि त्या धानाची माहिती मोटारसायकलवरून दुसऱ्या वाटेने जाई.

आता अशी कल्पना करू, की त्या काळातील एका केंद्रावर जानेवारीच्या एका सकाळी संगणक सुरूच होत नाही. कळ दाबली की पंखा फिरतो, पडदा उजळतो आणि काळ्या पडद्यावर दोन ओळी उमटून सारे थांबते. मोटारसायकलस्वार तीन दिवसांपूर्वी येऊन गेला होता. त्यानंतरच्या समजा १४० पावत्यांची नोंद फक्त या एका संगणकात आहे. दुसरीकडे प्रत ठेवलेली नाही. बाहेर शेतकरी विचारीत आहेत, “आमच्या पैशांचे काय?” आत संगणकचालकाच्या कपाळावर घाम आला आहे. अशा वेळी काय करावे आणि त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे काय करू नये, हे या पाठात आपण समजून घेऊ.

कोठार आणि कोठावळा

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. संगणक सुरू झाला नाही, म्हणजे त्यातील माहिती नष्ट झाली, असे नसते.

जुन्या वाड्यांत धान्याचे कोठार असे आणि त्यावर एक कोठावळा नेमलेला असे. कोणते पोते कोणत्या खणात आहे, आज किती काढले, किल्ली कोठे आहे, हे सारे तो जाणे. एखाद्या दिवशी कोठावळा तापाने फणफणला तर वाड्यात गोंधळ उडेल, स्वयंपाक खोळंबेल. पण कोठारातले धान्य काही नाहीसे होणार नाही. संगणकात ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे संगणकाचा कारभार चालविणारी मूळ प्रणाली, ही त्या कोठावळ्यासारखी असते. कळफलक, पडदा, छपाईयंत्र आणि हार्ड डिस्क यांच्याकडून कामे करून घेणे हे तिचे काम. तीच बिघडली तर संगणक मुका होतो.

डेटाबेस हे कोठार होय. एकमेकींशी संबंध असलेल्या नोंदींचा शिस्तीने मांडलेला साठा म्हणजे डेटाबेस. आपल्या केंद्रात एका तक्त्यात शेतकऱ्यांची नावे व जमिनीचा तपशील असेल, दुसऱ्यात रोजची आवक, तिसऱ्यात देय रक्कम. हे तक्ते शेवटी हार्ड डिस्कवरच्या काही फाइलींमध्येच असतात. ऑपरेटिंग सिस्टिमच्याही फाइली त्याच डिस्कवर असतात, म्हणून दोन्ही एकच आहेत असा भास होतो. वीज अचानक गेली, विषाणू शिरला किंवा एखादे अद्ययावतीकरण अर्धवट राहिले, तर बहुधा सिस्टिमच्या फाइली बिघडतात. नोंदींच्या फाइली त्याच डिस्कवर, आपल्या जागी शांतपणे पडून असतात.

खुद्द डिस्क बिघडणे हा मात्र निराळा प्रकार. कोठाराच्या भिंतीच खचल्या तर कोठावळा धडधाकट असून उपयोग नाही. डिस्कमधून टिकटिक किंवा खरखर असा आवाज येत असेल, तर तिला वीजपुरवठा देण्याचे तत्काळ थांबवावे. अशी डिस्क जितका वेळ फिरेल तितकी ती स्वतःचीच हानी करीत जाते. तेथे घरगुती उपाय चालत नाहीत. ती उघडण्यासाठी धूळरहित खोली आणि जाणकार हात लागतात.

घाईची किंमत

बंद पडलेल्या संगणकाभोवती लोक जमतात आणि प्रत्येकाजवळ सल्ला असतो. त्यातला सर्वांत सोपा आणि सर्वांत घातक सल्ला असा: “फॉरमॅट मारून नवी सिस्टिम टाका, तासाभरात चालू होईल.” संगणक तासाभरात चालू होतो, हे खरे. पण केंद्राला संगणक हवा आहे की नोंदी, हा प्रश्न त्या तासाआधी कोणी विचारीत नाही. माझ्या मते, अशा प्रसंगी गेलेल्या माहितीपैकी पुष्कळशी माहिती बिघाडामुळे जात नाही. ती दुरुस्तीमुळे जाते.

असे का होते, ते पाहू. डिस्कवरची फाइल पुसली, तर तिच्यातील मजकूर लगेच नाहीसा होत नाही. ग्रंथालयातील अनुक्रमणिकेतून एका पुस्तकाचे कार्ड काढून टाकावे, तसे काहीसे घडते: पुस्तक फडताळातच असते, फक्त ते कोठे आहे हे सांगणारे कार्ड नसते आणि त्याची जागा ‘रिकामी’ म्हणून नोंदली जाते. झटपट फॉरमॅट केल्यावरही मुख्यतः अनुक्रमणिकाच नवी होते. खरा घात होतो तो त्यानंतर. नव्या सिस्टिमच्या हजारो फाइली त्या ‘रिकाम्या’ जागांवर लिहिल्या जातात. जुन्या अक्षरांवर नवी अक्षरे गिरविली गेली, की खालचे अक्षर कोणत्याही युक्तीने वाचता येत नाही. एसएसडी या नव्या जातीच्या डिस्कमध्ये तर पुसलेल्या जागा डिस्क स्वतःच मोकळ्या करून ठेवते. त्यामुळे तेथे पुसलेले परत मिळण्याची आशा फारच थोडी असते.

म्हणून पहिला नियम एवढाच, की त्या डिस्कवर एक अक्षरही नव्याने लिहू नये. संगणक पुन्हापुन्हा सुरू करून पाहणे, ‘आपोआप दुरुस्ती’ची कळ दाबणे, हरवलेल्या फाइली शोधणारे सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर उतरविणे, या तिन्ही गोष्टींत काही ना काही लिहिले जाते. तेव्हा संगणक बंद करावा, वीज काढावी आणि आधी चहा घ्यावा. हे मी थट्टेने म्हणत नाही. त्या दहा मिनिटांत घाई ओसरते आणि कागदावर लिहिण्यास वेळ मिळतो: कोणता डेटाबेस होता, त्याची आवृत्ती कोणती, तो डिस्कच्या कोणत्या भागात ठेवला होता, शेवटची पावती कोणत्या क्रमांकाची होती.

मग डिस्क दुसऱ्या चांगल्या संगणकास जोडावी. डिस्क काढणे शक्य नसेल, तर पेन ड्राइव्हवरून चालणारी लिनक्ससारखी सिस्टिम वापरून तोच संगणक सुरू करावा. म्हणजे आजारी कोठावळ्याला न उठविता शेजारच्या वाड्यातला कोठावळा तात्पुरता आणावयाचा. दोन्ही प्रकारांत डिस्क ‘फक्त वाचन’ या पद्धतीने उघडावी. अलीकडच्या अनेक लॅपटॉपांवर डिस्कवरील मजकूर सांकेतिक रूपात कुलूपबंद असतो. विंडोज सिस्टिमची बिटलॉकर ही सोय चालू असेल, तर ४८ अंकी किल्लीशिवाय ती डिस्क दुसरीकडे उघडणार नाही. ती किल्ली कोठे जपून ठेवली आहे, हे संगणक चालू असतानाच पाहून ठेवलेले बरे.

यानंतरचे काम कंटाळवाणे वाटते, म्हणून लोक ते टाळतात. परंतु जाणकार नेमके तेच आधी करतात. संपूर्ण डिस्कची, तिच्यावरील रिकाम्या दिसणाऱ्या जागांसह, दुसऱ्या डिस्कवर हुबेहूब प्रत करावयाची. यासाठी मोफत साधने मिळतात. त्यांतील डीडीरेस्क्यू हे साधन आधी डिस्कचा निरोगी भाग उचलते आणि अडणाऱ्या जागांकडे मागाहून वळते. अडलेल्या घासाशी झगडत बसून उरलेले ताट थंड होऊ देत नाही. एकदा प्रत हाती आली, की मूळ डिस्क कागदात गुंडाळून कपाटात ठेवावी. पुढचे सारे प्रयोग त्या प्रतीवर. चुकले तर पुन्हा नवी प्रत काढता येते, मूळ डिस्क मात्र एकच असते.

फाइली उचलताना

आता प्रतीमधून डेटाबेसच्या फाइली शोधावयाच्या. येथे एक हमखास चूक होते. घाईत लोक डेस्कटॉपवरील आणि ‘डॉक्युमेंट्स’मधील फाइली उचलतात आणि सुटकेचा श्वास टाकतात. डेटाबेस तेथे नसतो. उदाहरणार्थ, मायएसक्यूएल हा डेटाबेस विंडोजवर आपल्या नोंदी ‘प्रोग्रामडेटा’ या नावाच्या कप्प्यात ठेवतो आणि हा कप्पा नेहमीच्या मांडणीत लपविलेला असतो. कार्यक्रम ज्या ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये दिसतो, तेथे फक्त यंत्रणा असते, नोंदी नसतात. लिनक्सवर या नोंदी ‘वार’ या कप्प्याच्या आत असतात.

दुसरी चूक म्हणजे हव्या त्या तक्त्याची एकच फाइल उचलणे. डेटाबेस हा सुट्या फाइलींचा ढीग नव्हे. मायएसक्यूएलमध्ये प्रत्येक तक्त्याची फाइल वेगळी दिसली, तरी तिचा अर्थ सांगणारी माहिती आयबीडेटा१ या सामायिक फाइलीत आणि भोवतालच्या इतर फाइलींत विखुरलेली असते. एसक्यूएल सर्व्हरमध्ये एमडीएफ आणि एलडीएफ अशी जोडी असते. पोस्टग्रेसमध्ये तर संपूर्ण कप्पाच एक एकक असतो. म्हणून अर्धे उचलू नये. पूर्ण कप्पा, त्यातील निरुपयोगी वाटणाऱ्या फाइलींसह, जसाच्या तसा उचलावा.

मग दुसऱ्या संगणकावर तोच डेटाबेस उतरवावा. तोच म्हणजे त्याच नावाचा नव्हे, त्याच आवृत्तीचा. जुन्या मोडी लिपीतला कागद केवळ मराठी येते म्हणून वाचता येत नाही. ती विशिष्ट लिपी वाचणारा लागतो. पोस्टग्रेसच्या एका मुख्य आवृत्तीच्या फाइली दुसरी मुख्य आवृत्ती उघडीतच नाही. आवृत्तीच्या या फरकाने केवढा अनर्थ होतो, याचे उदाहरण जगाने ३१ जानेवारी २०१७ रोजी पाहिले. गिटलॅब ही संगणक-कार्यक्रम लिहिणाऱ्यांना सेवा देणारी कंपनी. तिच्या एका अभियंत्याने रात्री थकलेल्या अवस्थेत चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेसचा कप्पा पुसून टाकला. चूक लक्षात येईपर्यंत सुमारे ३०० जीबी माहिती गेली होती. रोजच्या प्रती निघत असतील, असे सारे धरून चालले होते. प्रत्यक्षात प्रत काढणारे साधन ९.२ आवृत्तीचे आणि डेटाबेस ९.६ आवृत्तीचा, त्यामुळे प्रत निघतच नव्हती आणि तसे सांगणारे संदेशही कोणापर्यंत पोचत नव्हते. अखेर सहा तासांपूर्वी एका अभियंत्याने चाचणीसाठी सहज काढून ठेवलेली प्रत कामास आली. मधल्या सहा तासांतील नोंदी मात्र गेल्या त्या गेल्याच. कंपनीने हे सर्व लपविले नाही. दुरुस्तीचे काम तिने जगासमोर थेट दाखविले.

नव्या डेटाबेसची सेवा थांबवून त्याच्या रिकाम्या कप्प्याच्या जागी जुना कप्पा ठेवावा. त्या फाइलींवर वाचण्या-लिहिण्याचा अधिकार डेटाबेसच्या सेवेला मिळाला आहे ना, हे पाहावे. पुष्कळदा सारे बरोबर असूनही डेटाबेस केवळ या एका अधिकाराच्या अभावी सुरू होत नाही आणि माणसे फाइली खराब झाल्या असे समजून हताश होतात. मग सेवा सुरू करावी आणि काय होते ते पाहावे.

रोजकीर्द आणि खतावणी

येथे एक प्रश्न तुमच्या मनात आला असेल. वीज गेली त्या क्षणी संगणकचालक एखादी पावती नोंदवीत असेल, तर अर्धी लिहिलेली ती नोंद सबंध हिशेब बिघडविणार नाही काय? आवकेच्या तक्त्यात धान चढले आणि देयकाच्या तक्त्यात रक्कम चढलीच नाही, असे झाले तर?

याचे उत्तर आपल्या पेढ्यांवरच्या जुन्या रिवाजात आहे. दुकानदार दोन वह्या ठेवी. दिवसभरात जो व्यवहार होईल, तो आधी रोजकिर्दीत, घडला त्या क्रमाने लिहावयाचा. मागाहून, सवडीने, त्या नोंदी खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवावयाच्या. खतावणी सोयीची, कारण कोणाकडे किती येणे आहे ते एका पानावर दिसते. पण विश्वासाची वही रोजकीर्द. खतावणीवर शाईची दौत सांडली, तरी रोजकीर्द शाबूत असेल तर खतावणी पुन्हा लिहिता येते. नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली अठराव्या शतकात हा रायपूरचा मुलूख होता. वह्या-दफ्तरांची ही रीत मराठी कारकुनांना आणि सराफांना चांगली परिचित होती.

आधुनिक डेटाबेस नेमके हेच करतो. कोणताही बदल तक्त्यात करण्यापूर्वी तो ‘लॉग’ नावाच्या फाइलीत लिहिला जातो. लॉगमधील ओळ डिस्कवर पक्की झाली, की मगच ‘नोंद झाली’ असे उत्तर मिळते. तक्त्याच्या फाइलीत तो बदल थोड्या वेळाने उतरतो. आधी कीर्द, मग खाते. या पद्धतीने पुनर्प्राप्ती कशी करावी, याचे काटेकोर शास्त्र मद्रासच्या आय.आय.टी.त शिकलेले सी. मोहन आणि आय.बी.एम. कंपनीतील त्यांचे सहकारी यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केले. ‘एरीज’ या नावाने ते ओळखले जाते. जगातील अनेक मोठे डेटाबेस आज त्याच तत्त्वावर चालतात.

बंद पडलेला डेटाबेस पुन्हा सुरू होताना तीन फेऱ्या घेतो. पहिल्या फेरीत तो लॉग वाचून घोटाळ्याच्या क्षणी कोणकोणते व्यवहार चालू होते, ते ठरवितो. दुसऱ्या फेरीत लॉगमध्ये लिहिलेले पण तक्त्यात न उतरलेले सर्व बदल पुन्हा उतरवितो. तिसऱ्या फेरीत जे व्यवहार अर्धवट राहिले होते, ते उलटे फिरवून पुसतो. त्यामुळे एखादी पावती एक तर पूर्ण नोंदलेली मिळते किंवा मुळीच मिळत नाही. अर्धी मिळत नाही. धान चढले आणि पैसे चढले नाहीत, असे घडू नये याची ही तजवीज आहे. हे सारे आपोआप होते. पडद्यावर काही ओळी सरकतात, कधी मिनिट लागते, कधी तास. त्या वेळी धीर सुटून वीज बंद करू नये. तसे केले तरी डेटाबेस पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो; पण आजारी डिस्कवर तेवढे फेरे वाढतात. प्रतीवर काम करण्याचे महत्त्व येथेही कळते.

आता लक्षात येईल, की लॉगची फाइल ‘जुना कचरा’ समजून पुसणे ही केवढी मोठी चूक आहे. डिस्क भरली म्हणून आकाराने मोठ्या दिसणाऱ्या लॉगच्या फाइली काढून टाकणारे लोक असतात. ते रोजकीर्द जाळून खतावणीसाठी जागा करीत असतात.

कधीकधी तक्त्याचे एखादे पान इतके बिघडलेले असते, की डेटाबेस सुरूच होत नाही. अशा वेळी मायएसक्यूएलमधील इनोडीबी या साठवण-यंत्रणेत ‘सक्तीची पुनर्प्राप्ती’ ही सोय आहे. तिच्या १ ते ६ अशा पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर ती बिघडलेले पान दिसले तरी थांबत नाही, पुढे जाते. चौथ्या पायरीपासून मात्र फाइलींना कायमची इजा होऊ शकते आणि सहाव्या पायरीवर ती लॉगकडे पाहतच नाही. म्हणून १ पासून एकेक पायरी चढावी आणि दार किलकिले झाले, की लगेच सर्व तक्ते साध्या मजकुराच्या रूपात बाहेर काढून घ्यावेत. त्या दाराने पुन्हा रोजचा कारभार करू नये. काढलेला मजकूर नव्या, कोऱ्या डेटाबेसमध्ये भरावा आणि तेथून काम सुरू करावे.

माणसांजवळची प्रत

डेटाबेस उघडला, म्हणजे काम झाले असे नाही. जे मिळाले ते खरे आणि पुरते आहे का, हे तपासावे लागते आणि ही तपासणी संगणक एकटा करू शकत नाही. आपल्या केंद्राकडे परत येऊ. पावत्यांचे क्रमांक सलग आहेत का? एका कट्ट्यात ४० किलो धान, तर ६२ कट्ट्यांचे वजन २४ क्विंटल ८० किलो भरले पाहिजे. नोंदीत तसेच आहे का? रोजच्या आवकेची बेरीज वजनकाट्याजवळच्या वहीशी जुळते का? शिल्लक बारदानाची संख्या वापरलेल्या बारदानाशी मेळ खाते का? तीन दिवसांपूर्वी मोटारसायकलस्वाराबरोबर गेलेल्या नोंदी विकासखंडाच्या ठिकाणी आहेतच. त्यांच्याशी पडताळा घेता येतो. वेगवेगळ्या हातांनी, वेगवेगळ्या कारणांनी लिहिलेले हे आकडे एकमेकांची साक्ष देतात.

आणि काहीच मिळाले नाही तर? महाराष्ट्रात असा प्रसंग २०१३ साली आला. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची राज्यसेवा पूर्व परीक्षा ७ एप्रिलला व्हावयाची होती. तीन लाखांहून अधिक उमेदवारांनी संगणकाद्वारे अर्ज भरले होते. परीक्षेस थोडेच दिवस उरले असताना या अर्जांची माहिती नाहीशी झाल्याचे समोर आले. वर्षानुवर्षे अभ्यास करणारी, पुण्या-औरंगाबादच्या अभ्यासिकांत दिवस काढणारी मुले हवालदिल झाली. परीक्षा पुढे ढकलावी लागली. ती मे महिन्यात झाली. मधल्या काळात उमेदवारांना आपली माहिती पुन्हा भरण्यास सांगण्यात आले. आयोगाच्या साठ्यात जे उरले नव्हते, ते उमेदवारांजवळ होते: कोणी अर्जाची छापील प्रत जपली होती, कोणी शुल्क भरल्याची पावती.

या उपायाला पुनर्प्राप्ती म्हणावे का, असे कोणी विचारील. माझ्या मते म्हणावे. मात्र त्याचा भार कोणावर पडतो, हेही पाहिले पाहिजे. कार्यालयाची चूक निस्तरण्यासाठी लाखो माणसांना पुन्हा रांगेत उभे राहावे लागते. ज्याच्या घरी संगणक आहे, त्याला हे एका संध्याकाळचे काम. ज्याला तालुक्याच्या गावी जाऊन सायबर कॅफेत पैसे मोजावे लागतात, त्याचा एक दिवस आणि एका दिवसाची मजुरी जाते. ज्याने पावती टाकून दिली, त्याचे तर म्हणणेच ऐकून घेण्यास कोणी नसते. धान विकून आलेला शेतकरी पावती टोपीत खोचतो, पागोट्यात बांधतो किंवा देव्हाऱ्यात ठेवतो. त्याला डेटाबेस हा शब्द ठाऊक नसेल. पण कार्यालयाच्या डेटाबेसमधली एक ओळ तो घरी जपून नेतो.

आपल्या कल्पनेतल्या केंद्रात दुपारपर्यंत डिस्कची प्रत निघाली. संध्याकाळी शेजारच्या संगणकावर डेटाबेस उघडला आणि त्याने आपल्या तीन फेऱ्या पूर्ण केल्या. १४० पैकी १३७ पावत्या मिळाल्या. शेवटच्या तीन नव्हत्या. वीज गेली तेव्हा त्या यंत्राच्या तात्पुरत्या स्मरणातच होत्या, लॉगपर्यंत पोचल्याच नव्हत्या. वजनकाट्याच्या वहीत त्या तिन्ही शेतकऱ्यांची नावे सापडली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना निरोप गेला. दोघे पावत्या घेऊन आले. तिसऱ्याची पावती धुण्यात भिजली होती, शाई पसरली होती. परंतु कट्ट्यांची संख्या वाचता येत होती. हमालांच्या मुकादमाने आपल्या वहीतील आकडा वाचून दाखविला, तो जुळला आणि मग संगणकचालकाने १३८ व्या पावतीपासून नोंद करण्यास सुरुवात केली.